सह्याद्रीच्या भूविज्ञानावरचे लेख: मांडणी नव्याने करायला हवी

घाटवाटा

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने आपल्या ऑनलाइन ज्ञानकोशातले सह्याद्रीच्या खडकांवरचे लेख एकापाठोपाठ एक वाचतो आहे. छोटेमोठे मिळून अडतीस भरले. काही लेख फार जीव ओतून लिहिलेले आहेत, त्यामुळे हे लिहिताना कुणाच्या कष्टांना नावं ठेवायची नाहीत. पण एका लेखातून दुसऱ्यात गेलं की पाय अडखळतोच.

पहिली अडचण नावांची. 'दख्खनचे पठार', 'डेक्कन ट्रॅप' आणि 'दक्षिण ट्रॅप' असे तीन लेख आहेत आणि तिन्हींत लाव्हाचीच हकिगत आहे. पठार हे भूरूप. ट्रॅप हा खडक. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांवरून, पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून पडलेलं नाव. पठाराच्या लेखात नद्या, माती, पाऊस, शेती यायला हवी. ट्रॅपच्या लेखात लाव्हा. 'डेक्कन' आणि 'दक्षिण' हे दोन तर एकच विषय आहेत, त्यातला एक दुसऱ्याकडे वळवून टाकायला हवा.

दुसरी अडचण मजकूर परत परत येण्याची. किल्ल्यांच्या बावीस लेखांत 'भूशास्त्र' नावाचा एक परिच्छेद आहे आणि तो जवळपास शब्दशः तोच आहे. रतनगडाला जो लावला, तोच पुरंदरला. वाचणाऱ्याला वाटतं की सगळा सह्याद्री म्हणजे एकच एक काळा दगड.

तिसरी वर्गांची. भूशास्त्र, भूविज्ञान, भूगर्भशास्त्र असे तीन वर्ग आहेत आणि लेख तिन्हींत वाटले गेलेत. लोणार सरोवर 'महाराष्ट्रातील ज्वालामुखी' या वर्गात आहे. ते तर उल्कापाताने झालेलं विवर आहे, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं. खडक बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा, म्हणून ते ज्वालामुखीचं तोंड होत नाही.

माझा प्रस्ताव असा: 'सह्याद्रीचे भूविज्ञान' हा एक मुख्य लेख. तो लांबलचक नको, पण त्यात संपूर्ण चित्र यावं. त्याच्या प्रत्येक विभागातून एकेक सविस्तर लेख फुटावा. आधी मुख्य लेखाचा सांगाडा ठरवू, मग बाकीचे लेख हलवू. उलट केलं तर पुन्हा तेच होईल.

तुमचं मत सांगा. विशेषतः सविस्तर लेख कशाच्या आधारावर फोडायचे? मला अजून ठाम सुचलेलं नाही.

---

शिरवा

उत्तम धागा. हे काम फार दिवस राहिलं होतं.

मला वाटतं किल्ल्यांनुसारच ठेवावं. लोक शोधतात ते किल्लेच. 'आंबेनळी शैलसमूह', म्हणजे एका ओळखीच्या लाव्हाथरांचा गट, असं कोण शोधणार? नाही तर उंचीनुसार करू. सह्याद्रीत थरांवर थर आहेत, म्हणजे ६०० मीटरपर्यंत एक लेख, १,००० पर्यंत दुसरा. ट्रेकला जाणाऱ्याला उंची पटकन कळते.

---

कातळकडा

शिरवा, उंचीनुसार कृपया करू नका. कारण सविस्तर सांगतो, कारण सगळ्या मांडणीचा कणा त्यातच आहे.

थर आडवे दिसतात, पण ते पूर्ण आडवे नाहीत. नाशिककडून महाबळेश्वरकडे येताना ते दक्षिणेकडे अगदी हलके कललेले आहेत. डोळ्यांना तो उतार जाणवतही नाही, पण दोनशे किलोमीटरच्या अंतरात तो पुरेसा होतो. त्यामुळे उत्तरेला, म्हणजे जव्हार-इगतपुरीकडे, ढिगाऱ्यातले सगळ्यात जुने थर उघडे पडलेत आणि महाबळेश्वरला वरचे, तरुण थर मिळतात. कळसूबाई १,६४६ मीटर, महाबळेश्वर त्याहून दोनशेएक मीटर कमी. तरी महाबळेश्वरचा माथा कळसूबाईच्या दगडापेक्षा तरुण आहे. उंचीने लेख फोडले तर जुना दगड तरुण दगडाच्या वर जाऊन बसेल.

म्हणून लेख फोडायचे ते थरांच्या क्रमाने. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली. स्तरशास्त्र म्हणजे मुळात तेवढंच.

आता खरी गुंतागुंत. या क्रमाच्या दोन स्वतंत्र पद्धती चालू आहेत आणि आपल्या लेखांत त्या दोन्ही एकत्र कालवल्या गेल्यात.

पहिली रासायनिक. लाव्हातल्या मूलद्रव्यांच्या आणि समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणांवरून थर वेगळे केलेले. यात खालून वर असे: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, हे पाच मिळून कळसूबाई उपगट. मग खंडाळा आणि बुशे, हा लोणावळा उपगट. त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि दक्षिणेकडे पन्हाळा, देसूर, हा वाई उपगट. बुशेच्या लाव्हात भूकवचाची भेसळ, म्हणजे वर येताना मिसळलेला कवचाचा दगड, सगळ्यात जास्त, आंबेनळीच्या लाव्हात सगळ्यात कमी. ही ओळख प्रयोगशाळेत पटते, नुसत्या डोळ्यांनी नाही.

दुसरी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची. त्यांनी प्रत्यक्ष जमिनीवर दिसणाऱ्या खुणांवरून, म्हणजे लाव्हाची घडण आणि मोठ्या स्फटिकांचे ओळखीचे थर यांवरून विभागणी केली. त्यात साल्हेर, खालचा रतनगड, वरचा रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर. या सगळ्याला मिळून नाव आहे 'सह्याद्री गट'.

आता दोन सापळे बघा. एक, 'महाबळेश्वर' हे नाव दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडच्या सीमा वेगळ्या निकषांवर आखलेल्या आहेत. एका लेखात दोन्ही मिसळले की तो लेख चूकच ठरतो. दोन, 'सह्याद्री गट' म्हणजे सह्याद्री डोंगर नव्हे. तो खडकांचा गट आहे आणि डोंगररांगेच्या बाहेरही दूरवर पसरलेला आहे. नाव एकच, म्हणून एका लेखाचा दुवा दुसऱ्याला देऊ नका.

---

नकाशेवाली

कातळकडा काका, हे वाचून खूप मोकळं वाटलं. मी नकाशे करते. मागे एका नकाशावर 'कार्ला' आणि 'बुशे' शेजारीशेजारी रंगवून बसले होते आणि रंग का जुळत नाहीत ते महिनाभर कळत नव्हतं. दोन पद्धतींची नावं एकाच सूचीत घेतली होती.

माझा मुद्दा व्याप्तीचा. शीर्षकात 'सह्याद्री' म्हणायचं की 'पश्चिम घाट'? पश्चिम घाट तापीपासून कन्याकुमारीपर्यंत, साधारण १,६०० किलोमीटर. त्यात बेसाल्ट आहे तो फक्त उत्तरेच्या भागात. गोव्याच्या आसपास लाव्हा संपतो आणि पुढे धारवाडचे शिस्ट, नीस, निलगिरीत चार्नोकाइट. उष्णता आणि दाबाने रूप बदललेले ते खडक अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. आनमुडी २,६९५ मीटर, पण त्याचा आणि कळसूबाईचा दगड म्हणून काहीही संबंध नाही. कडा मात्र एकच, सलग, पालघाटच्या खिंडीपुरती तुटलेली.

म्हणजे डोंगररांग एक आणि खडक अनेक. आणि लाव्हाच्या बाजूने बघितलं तर खडक एक आणि प्रदेश अनेक, कारण दख्खनचा लाव्हा आजही ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. माळवा, सातपुडा, सौराष्ट्र, सगळीकडे. ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात, एकात एक बसत नाहीत. आपली सगळी गडबड मला वाटतं इथूनच सुरू होते.

---

घाटवाटा

कातळकडा, नकाशेवाली, दोघांचेही मनापासून आभार. 'दोन वर्तुळं छेदतात' हे वाक्य मी मुख्य लेखाच्या चर्चापानावर लिहून ठेवतो.

मग असं करू का: 'पश्चिम घाटाचे भूविज्ञान' हा वरचा लेख, पूर्ण रांगेचा. त्यात कड्याची घडण येईल, म्हणजे मादागास्कर सुटणं, मग सेशेल्स सुटणं, पश्चिम किनारा तुटणं, कडा मागे सरकणं. त्याखाली उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन. उत्तरेचा तो 'सह्याद्रीचे भूविज्ञान'. 'दक्षिण ट्रॅप' हा लेख या उतरंडीत न घालता स्वतंत्र ठेवायचा आणि दोन्हीकडून दुवे द्यायचे.

---

खडूफळा

शाळेत भूगोल शिकवते, म्हणून एक विनंती. आकडे आधी दुरुस्त करा, मांडणी नंतर.

मुलं याच लेखांवरून प्रकल्प लिहितात. दख्खनच्या लाव्हाचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं. आपल्याकडे एका लेखात ते ६६ कोटी आहे, दुसऱ्यात ६६ लाख. मिलियनचं कोटी करताना दशांशचिन्ह हरवलं की इतकं होतं. यंदा एका मुलीने डायनासोर ६६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाल्याचं लिहिलं आणि खाली आपल्या लेखाचं नाव दिलं. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिचे दोन गुण मी कापले नाहीत, पण तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

वय लिहायचं तर सगळीकडे कोटीतच लिहू या. आणि एकच साचा करू, म्हणजे आकडा एका जागी बदलला की सगळीकडे बदलेल.

---

शिरवा

उंचीचा माझा हट्ट मी सोडला. मुद्दाम जाऊन बघून आलो.

रविवारी घाटात एका वळणावर गाडी लावली. रस्त्यासाठी तासलेला कातळ तिथे वीसेक फूट उघडा आहे. एरवी शंभरदा तिथून गेलोय. या वेळी समोर अर्धा तास उभा राहिलो. खाली भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढरे दाणे भरलेले. त्यावर हातभर रुंदीचा विटकरी लाल पट्टा, अगदी सरळ रेघ मारल्यासारखा. बोट फिरवलं तर बोट लाल झालं. त्याच्यावर पुन्हा काळा दगड सुरू, तळाशी उभ्या बारीक नळ्यांसारखी भोकं, मग वर घट्ट, गुळगुळीत, तडे उभे. आणि पाणी झिरपत होतं ते बरोबर लाल पट्ट्याच्या वरच्या कडेवरून. तिथे शेवाळाची एक हिरवी ओळ लांबपर्यंत गेली होती.

फोटो काढलेत, शेजारी पट्टी ठेवून. कातळकडा, हा लाल थर नक्की काय आहे? आणि याच्यावर आपल्याकडे लेख का नाही?

---

कातळकडा

शिरवा, एका वळणावर तुम्हाला दोन लाव्हा आणि त्यांच्या मधला काळ दिसला.

खालचा भोकाळ भाग म्हणजे आधीच्या लाव्हाचा माथा. वायूचे बुडबुडे वर चढून तिथे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं वाढली. तुमचे पांढरे दाणे ते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट हे निळं खनिज जगभरच्या संग्रहालयांत गेलं आहे, तेही अशाच पोकळ्यांतलं. लाल पट्ट्याला 'बोल' म्हणतात. उद्रेक थांबलेला असताना लाव्हाचा माथा हवापाण्याने कुजून, कुठे राख पडून माती झाली. मग नव्या लाव्हाने ती भाजून काढली. उभ्या नळ्या हा नव्या लाव्हाचा तळ. बोल चिकणमातीचा असतो, पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून झरा त्याच्या वरच फुटतो. डोंगरातले कितीतरी झरे आणि गडांवरचं कितीतरी पाणी या हिशेबाने समजतं.

लेख का नाही, तर आपण नावाने लेख करत आलो, गोष्टीने नाही. किल्ल्याला नाव आहे म्हणून लेख आहे. बोलाच्या पट्ट्याला गावाचं नाव नाही, म्हणून लेख नाही. पण सह्याद्री वाचायला शिकायचा तर पहिलं अक्षर तेच आहे.

---

सड्यावरचा

कोकणातून लिहितो. जांभ्याला विसरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

'जांभा' या लेखात सध्या चार ओळी आहेत आणि त्याही घर बांधण्याच्या. जांभा दोन पातळ्यांवर आहे. एक वर, घाटमाथ्यावर: पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वर, कास. दुसरा खाली, कोकणात, आमचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची सपाट पठारं. दोन्ही लाव्हा नव्हेत. खडक उष्ण-दमट हवेत कुजून, सिलिका वाहून जाऊन लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलेलं कवच. म्हणून ते शैलसमूहांच्या यादीत घालू नका, थरांच्या क्रमात त्यांची जागाच नाही. स्वतंत्र लेख हवा. 'लॅटेराइट' हा शब्द बुकॅननने १८०७ मध्ये केरळातल्या अंगडिपुरमच्या दगडावरून दिला, तेही तिथे यावं.

आणि कातळशिल्पांचा लेख तिथे जोडा. ती सगळी जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली आहेत. आज तो लेख फक्त पुरातत्त्वात आहे. दगड कोणता हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

---

नकाशेवाली

सड्यावरचा +१. काससाठी तर फुलांच्या लेखातूनही दुवा हवा, तिथली झाडं त्या कवचामुळेच तशी आहेत.

आणखी तीन विषय कुठे बसवायचे ते ठरवू.

कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. सध्या तो धरणाच्या लेखात एका परिच्छेदात आहे. माझ्या मते तो स्वतंत्र लेख, वर्ग भूकंप. पण तिथल्या विंधनविवरांनी जे दाखवलं ते मात्र सह्याद्रीच्या मुख्य लेखात यावं: सुमारे ९३० मीटर बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नीस. सह्याद्रीच्या बुडाशी काय आहे, हे इतक्या थेटपणे सांगणाऱ्या जागा थोड्याच आहेत.

डायनासोरांचा अंत आणि त्यात दख्खनच्या उद्रेकांचा हात होता का, हा वाद. हा सह्याद्रीच्या लेखात दोन वाक्यांपलीकडे नको. २०१९ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेच्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनच्या उद्रेकांची वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली कालमापनं दिली. एकाच्या मते उद्रेकांचा मोठा झपाटा विनाशाच्या थोडा आधी; दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा विनाशानंतरचा. ही चर्चा आहे, तिला तिचा लेख द्या. डोंगराच्या लेखात ती आली की सगळं तिकडेच वाहत जातं.

दरडी. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तीन वेगळे लेख आहेत आणि एकातूनही उतार, माती, कुजलेला बेसाल्ट, पावसाचं पाणी यांचं स्पष्टीकरण मिळत नाही. 'सह्याद्रीतील भूस्खलन' असा एक लेख हवाच. बाकी सगळं मागे राहिलं तरी चालेल, हा लेख आधी व्हावा असं मला मनापासून वाटतं.

---

खडूफळा

नकाशेवाली, दरडींच्या लेखाबाबत पूर्ण सहमत. डोंगराला तडे जाणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, झाडं-खांब कलणं ही लक्षणं सोप्या भाषेत, लेखाच्या सुरुवातीलाच असावीत. पायथ्याच्या गावातलं कुणीतरी मोबाइलवर तेवढंच वाचेल.

---

घाटवाटा

आतापर्यंतचं धरून असं ठरवतो. कुणाचा विरोध असेल तर बुधवारपर्यंत सांगा.

वर 'पश्चिम घाटाचे भूविज्ञान', त्याखाली 'सह्याद्रीचे भूविज्ञान'. शैलसमूहांचे लेख रासायनिक पद्धतीने, कारण दख्खनवरचं जगभरचं संशोधन बहुतेक त्याच नावांनी चालतं. सर्वेक्षणाच्या पद्धतीचा एक वेगळा लेख, त्यात आठही नावं आणि त्यांचे निकष. दोन्हींची सांगड घालणारा तक्ता फक्त एकाच ठिकाणी राहील आणि तो कातळकडा तपासतील. शीर्षकात प्रत्येक ठिकाणी 'शैलसमूह' हा शब्द येईल. 'नेरळ' टाकलं की गाव आणि 'नेरळ शैलसमूह' टाकलं की खडक, यात गल्लत नको.

प्रत्येक शैलसमूहाच्या लेखात उजवीकडे एक चौकट: वर कोण, खाली कोण, कुठे बघायला मिळतो. बाकी काही नसलं तरी चालेल, पण ही चौकट रिकामी ठेवायची नाही.

किल्ल्यांच्या लेखांतले ते बावीस परिच्छेद काढायचे. शिरवाचा मुद्दा खरा आहे, लोक किल्लेच शोधतात. म्हणून तिथे दोनच ओळी: हा गड कोणत्या शैलसमूहात, आणि गडावर काय दिसतं. बोलाचा पट्टा, उभे तडे, टाक्यांची जागा, जे असेल ते. पुढचं दुव्यावर.

वर्ग एकच, 'भूविज्ञान'. लोणार आज रात्री ज्वालामुखीतून काढतो. वयाचा साचा खडूफळांनी करावा. दरडींचा लेख नकाशेवालींनी सुरू केला तर मी मजकूर पुरवेन, या आठवड्यातच.

बोलाचा लेख शिरवा, तुम्ही लिहा. फोटो तुमचेच आहेत.

---

शिरवा

मी कधी खडकावर लेख लिहिलेला नाही, पण लिहितो. पहिला परिच्छेद इथेच टाकतो, सांभाळून घ्या:

'बोल हा दोन लाव्हाथरांच्या मधला लाल, तपकिरी किंवा हिरवट रंगाचा मातकट थर होय. सह्याद्रीत रस्त्यासाठी तासलेल्या कड्यांत तो आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. आधीचा लाव्हा थंड झाल्यावर त्याचा माथा कुजून हा थर तयार होतो आणि पुढच्या लाव्हाच्या उष्णतेने भाजला जातो. प्रत्येक दोन लाव्हाथरांमध्ये बोल असतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे त्याच्या वरच्या कडेला झरे आढळतात.'

---

कातळकडा

छान लिहिलंय. एकच वाक्य बदला. 'प्रत्येक दोन लाव्हाथरांमध्ये' नको, 'काही लाव्हाथरांमध्ये' करा. जिथे एक लाव्हा आल्यावर लगेच दुसरा आला, तिथे माती व्हायला वेळच मिळाला नाही आणि तिथे बोल नाही. आणि 'हा थर तयार होतो' नंतर 'कुठे ज्वालामुखीची राखही त्यात मिसळलेली असते' एवढं जोडा. बाकी तसंच ठेवा, शेवाळाच्या ओळीचा फोटो सगळ्यात वर लावा.